आखाजीच्या दुसऱ्या दिवशी पाणीही उतरेना : पोटातल्या पट्टीचं एक प्रकरण

११ मे २०२४, शनिवार, रात्रीचे साडेनऊ. दवाखान्याचं शटर अर्धं खाली आलं होतं तेव्हा या ताई आल्या. वय ४८, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, सासर आणि माहेर दोन्ही अमळनेर तालुक्यातलं. एका हातात प्लास्टिकची पिशवी, दुसऱ्या हातात निवडणुकीच्या ड्युटीचा कागद. १३ तारखेला जळगाव आणि रावेरचं मतदान होतं. म्हणजे १२ ला सकाळी साहित्य ताब्यात घ्यायचं आणि केंद्रावर मुक्कामी जायचं.

"डॉक्टर भाऊ, काहीतरी सुई मारा, दोन दिवस निभू द्या. पानीसुद्धा उतरत नही."

बोलता बोलता दर मिनिटाला त्या पिशवीत थुंकत होत्या. आधी मला वाटलं मळमळ आहे. जवळ जाऊन पाहिलं तर पिशवीत फक्त लाळ होती. स्वतःची थुंकीही त्यांना गिळता येत नव्हती. डाव्या बरगडीखाली सतत दुखत होतं, नाडी ११०च्या पुढे, जीभ कोरडी. आदल्या दिवशी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. माहेरी खापरावरचे मांडे आणि आमरस. "अर्धाच मांडा खाल्ला," त्या म्हणाल्या, "तोही चावून चावून." त्यानंतर उलट्या थांबेनात, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपासून घोटभर पाणीही परत येऊ लागलं.

त्यांचा जुना कागद काढला. २०१६ साली मी माझ्याच हाताने कोपऱ्यात लिहून ठेवलं होतं : "पोटात पट्टी, २०१०, मुंबई." ते लिहिलेलं गेल्या आठ महिन्यांत मी एकदाही वाचलं नव्हतं. या काळात त्या पाच वेळा येऊन गेल्या होत्या. आडवं झालं की घशाशी येतं, रात्री खोकल्याने जाग येते, सकाळी उशीवर ओलं असतं. मी पित्ताच्या गोळ्या दिल्या, डोस वाढवला, खोकल्यासाठी दोनदा अँटिबायोटिक लिहिलं. वजन ८४ वरून ७५ वर आलं होतं. त्या खूश, घरचे खूश. लग्नकार्यात बायका म्हणायच्या, "बारीक व्हयनी वं बाई, पट्टी लागू पडनी." मीही शाबासकी दिली होती. ते वजन उलट्यांनी उतरत होतं हे मला कळायला हवं होतं. ते कळलं नाही, म्हणूनच हे प्रकरण मी सविस्तर लिहितोय. ताईंनी परवानगी दिली आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

पट्टी म्हणजे काय

खान्देशात असे रुग्ण थोडे आहेत. पण आहेत, आणि ते कधी ना कधी आपल्यासारख्याच एखाद्या दवाखान्यात येतात.

जठराच्या वरच्या टोकाला, अन्ननलिका जिथे येऊन मिळते त्याच्या जरा खाली, सिलिकॉनचं एक कडं बसवतात. कड्याच्या वर जठराची जेमतेम १५ ते २० मिलिलिटरची थैली उरते, म्हणजे मोठ्या चमच्याने एक-दीड चमचा. कड्याच्या आतल्या बाजूला फुगणारी पिशवी असते. तिथून एक बारीक नळी निघते आणि पोटाच्या कातडीखाली शिवलेल्या रुपयाएवढ्या डबीला, पोर्टला, जोडलेली असते. पोर्टमध्ये सुईने सलाईन भरलं की कडं आवळतं, काढलं की सैल होतं. जठर कापायचं नाही, आतडं जोडायचं नाही, नको असेल तेव्हा काढता येतं. पट्टीचं सगळं आकर्षण यात होतं, आणि ते खोटं नव्हतं. शस्त्रक्रियेतला मृत्यूचा धोका हजारात एकापेक्षा कमी, वजनाच्या सगळ्या शस्त्रक्रियांत जवळपास सर्वांत कमी.

दुर्बिणीतून अशी पट्टी बसवायला १९९३ साली बेल्जियममध्ये सुरुवात झाली. अमेरिकेत २००१ मध्ये तिला मान्यता मिळाली. २००८ च्या सुमारास जगभरातल्या वजनाच्या शस्त्रक्रियांपैकी ४० टक्क्यांहून जास्त शस्त्रक्रिया पट्टीच्याच होत्या. ताईंनी २०१० साली ती बसवून घेतली तेव्हा ती भरात होती, त्यामुळे त्यांचा निर्णय चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. पुढे ओहोटी झपाट्याने लागली. अमेरिकेत २०११ मध्ये पट्टीचं प्रमाण ३५ टक्क्यांच्या आसपास होतं, २०१९ पर्यंत ते एका टक्क्याच्याही खाली गेलं. आपल्याकडेही आता जठराचा मोठा भाग काढून टाकणारी स्लीव्ह आणि त्याखालोखाल जठराची लहान थैली सरळ आतड्याला जोडणारा बायपास हेच चालतं. पण आधी बसवलेल्या पट्ट्या अजून माणसांच्या पोटात आहेत. त्यांना काळजी लागते, आणि ती घेणारे हात कमी होत चाललेत.

पहिली नऊ वर्षं

२०१० मध्ये ताईंची उंची १५६ सेंटिमीटर, वजन १०४ किलो, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) ४२ च्या वर. वर्षभरापूर्वी मधुमेह निघालेला, गुडघे दुखत, शाळेचा जिना चढताना दोनदा थांबावं लागायचं. नात्यातल्या कुणाकडून मुंबईच्या एका डॉक्टरांचं नाव कळलं. शस्त्रक्रिया नीट झाली, तिसऱ्या दिवशी घरी. पुढच्या दीड वर्षात चार वेळा जाऊन पट्टी आवळून घेतली. २०१२ मध्ये वजन ७६. साखर गोळ्यांशिवाय आटोक्यात, रक्तदाबाची गोळी बंद. वजन भराभर उतरल्यावर पित्ताशयात खडे होऊ शकतात. तसे त्यांनाही झाले आणि त्याच वर्षी पित्ताशय काढावं लागलं.

मधुमेहाचा हा फायदा खरा आहे. मेलबर्नमध्ये ६० रुग्णांवर झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, नुकताच मधुमेह झालेल्यांपैकी पट्टी बसवलेल्या ७३ टक्के लोकांचा मधुमेह दोन वर्षांनी शमलेला होता. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हेच प्रमाण १३ टक्के होतं. ताईंचा मधुमेह तेव्हा वर्षभराचाच होता, त्यामुळे त्या अशाच गटात बसत होत्या. गोळ्या परत सुरू झाल्या त्या २०१७ मध्ये.

पण २०१२ नंतर त्या मुंबईला गेल्याच नाहीत. यजमानांचा कापसाचा व्यवहार, सासूबाईंचं आजारपण, शाळेची रजा. रात्रीच्या गाडीने जायचं, दिवसभर रांगेत बसायचं, दहा मिनिटांची एक सुई टोचून घ्यायची आणि पुन्हा रात्रीच्या गाडीने परत. मग कळलं की ज्या डॉक्टरांनी पट्टी बसवली ते तिथून दुसरीकडे गेले. फोन लागेना. "काही त्रास नव्हता ना," ताई म्हणाल्या, "मग उगाच कशाला जायचं?" बारा वर्षं ती पट्टी कुणी तपासली नाही, आणि मी तालुक्यातच असून विचारलं नाही.

याच काळात खाणं हळूहळू बदलत गेलं. पट्टीवाल्या माणसाला कोरडी भाकरी अडकते, कळण्याची तर आणखीच, चिवट मटण अडकतं, बट्टीचा कोर अडकतो. घास छातीत बसला की लाळ सुटते, उठून मोरीपाशी जावं लागतं. चारचौघांत हे दोनदा झालं की माणूस शिकतो : ज्याने अडकतं ते सोडायचं, जे सरकतं ते धरायचं. सरकतं काय? चहात बुडवलेली बिस्किटं, केळ्याचं शिकरण, आमरस, रश्श्यात भिजून मऊ झालेली शेव. डाळ, भाजी, भाकरी ताटातून जातात आणि साखर-तेल सहज आत येतं. पट्टी भूक कमी करते, पण पातळ पदार्थातले उष्मांक ती अडवू शकत नाही. २०१९ मध्ये वजन ८४ झालं त्यामागे हे होतं. ताईंनी पथ्य मोडलं असं म्हणणं सोपं आहे. मला ते पटत नाही. जास्त आवळलेली पट्टी माणसाला अशाच खाण्याकडे ढकलते. अशा वेळी थोडं सलाईन काढून ती सैल केली की भाकरी-भाजी पुन्हा खाता येते. त्यासाठी वर्षातून दोनदा कुणीतरी "काय अडकतं?" एवढं विचारायला हवं होतं.

ती रात्र

ताईंची पहिली मागणी सुईची होती, दुसरी सलाईनची. आपल्याकडे अशक्तपणा म्हटलं की हात आपोआप ग्लुकोजच्या बाटलीकडे जातो. इथे थांबणं फार गरजेचं आहे. ज्याला आठवडेच्या आठवडे उलट्या होत आहेत त्याच्या शरीरातलं थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व बी-१, संपत आलेलं असतं. त्यात सरळ ग्लुकोज चढवलं तर उरलेलंही वापरलं जातं आणि मेंदूवर आघात होऊ शकतो : डोळे थरथरतात, चाल जाते, माणूस भ्रमिष्टासारखा बोलू लागतो. ताईंच्या पावलांना महिनाभर मुंग्या येत होत्या, हे विचारल्यावर कळलं. आधी थायमिनचं इंजेक्शन दिलं आणि मग साधं सलाईन लावलं.

शेजारच्या एक्स-रेवाल्या भाऊंना घरून बोलावून घेतलं. उभं राहून पोटाचा साधा फोटो काढला. पट्टी त्यात स्पष्ट दिसते. नीट बसलेली पट्टी तिरकी असते, डाव्या खांद्याकडे बोट दाखवल्यासारखी. पाठीच्या कण्याशी तिचा कोन ४ ते ५८ अंशांमध्ये असावा लागतो. ताईंची पट्टी जवळजवळ आडवी पडली होती, आणि वर हवेचा मोठा फुगा होता. पट्टी घसरली होती. अधिक नेमकं सांगायचं तर खालचं जठर पट्टीतून वर सरकलं होतं, थैली फुगून लोंबली होती आणि वाट बंद झाली होती. अशा वेळी नुसता अडथळा असेल तर हातात थोडा वेळ असतो. दुखत असेल तर वर सरकलेल्या जठराचा रक्तपुरवठा आवळला जात असण्याची शक्यता धरावी लागते, आणि तो भाग काळा पडायला फार तास लागत नाहीत. ताईंना दुखत होतं.

जळगावच्या एका सर्जन मित्राला फोन केला. त्याने पहिली गोष्ट विचारली : पट्टी कुठल्या बनावटीची, किती मिलिलिटरची, आत किती भरलंय? आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं. ताईंची मूळ फाईल घर बांधताना कुठेतरी गेली होती. दुसरी गोष्ट सुईची. पोर्टच्या रबरी पडद्याला साध्या सुईने भोक पडून नंतर गळती लागू शकते, म्हणून टोकाला वाकडी कापलेली ह्यूबर सुई वापरतात. ती मेडिकलच्या दुकानात मिळत नाही. पण कॅन्सरच्या रुग्णांना छातीतल्या पोर्टमधून केमो देतात ती हीच सुई. मित्राने केमो विभागातल्या सिस्टरांना रात्री फोन करून एक मागवून ठेवली. ती मिळाली नसती तर बारीक साध्या सुईनेही काम करायचं ठरलं होतं. जठर वाचवताना पोर्टचा पडदा सांभाळत बसायचं नसतं.

ड्युटीचं काय, हा प्रश्न गाडीत बसेपर्यंत सुटला नव्हता. ताईंच्या आईने शेवटी कागद हातातून काढून घेतला. "माय व, तोंड कितलं उतरी गयं पोरनं, अन् तू ड्युटीनं काय सांगस." यजमानांनी तो कागद आणि माझी चिठ्ठी घेऊन पहाटे तहसील गाठलं.

जळगावला पोचायला सव्वा तास लागला. पोर्ट बेंबीच्या डावीकडे वर, चरबीत खोल होता. बोटांनी चाचपून, दोन बाजूंनी पकडून मित्राने सुई घातली. साडेसहा मिलिलिटर पाणी निघालं. वीस मिनिटांनी ताईंनी दोन घोट पाणी घेतलं आणि ते आत राहिलं. पिशवी बाजूला ठेवली. पण दुखणं गेलं नाही. सकाळी पाण्यात विरघळणारं कॉन्ट्रास्ट, म्हणजे एक्स-रेत दिसणारं औषध, पाजून फोटो काढला तर ते फुगलेल्या थैलीतच साचलेलं. दुपारी दुर्बिणीतून शस्त्रक्रिया. पट्टीभोवती जाड कवच तयार झालं होतं, ते कापून कडं मोकळं केलं. वर अडकलेलं जठर निळसर झालं होतं. मित्राने मला नंतर सांगितलं की पट्टी सोडल्यावर दहा मिनिटं सगळे नुसते बघत उभे होते. रंग परतला. जठर कापावं लागलं नाही. चौथ्या दिवशी ताई घरी आल्या.

आकडे काय सांगतात

पट्टीच्या दीर्घकाळच्या निकालांवर दोन अभ्यास मी नंतर शेजारी ठेवून वाचले. ब्रुसेल्सच्या एका केंद्राने बारा वर्षांहून जास्त काळ पाठपुरावा केलेल्या ८२ रुग्णांचा हिशेब २०११ मध्ये मांडला. ३९ टक्क्यांना मोठी गुंतागुंत झालेली, २८ टक्क्यांत पट्टी जठराची भिंत कुरतडत आत शिरलेली, आणि जवळपास निम्म्यांची पट्टी काढावी लागलेली. मेलबर्नच्या केंद्राने २०१३ मध्ये ३२२७ रुग्णांचा हिशेब दिला. तिथे कुरतडण्याचं प्रमाण ३.४ टक्के, काढलेल्या पट्ट्या ५.६ टक्के, आणि पंधरा वर्षांनंतरही जास्तीच्या वजनातलं ४७ टक्के वजन उतरलेलंच. मात्र वरची थैली फुगल्याने २६ टक्क्यांना आणि पोर्ट किंवा नळीच्या बिघाडामुळे २१ टक्क्यांना पुन्हा शस्त्रक्रिया लागली. म्हणजे निकाल चांगले होते तिथेही पुन्हा टेबलावर जाणं नित्याचंच होतं.

इतका फरक का? ब्रुसेल्सच्या पट्ट्या नव्वदच्या दशकातल्या, सुरुवातीच्या बनावटीच्या आणि तेव्हाच्या पद्धतीने बसवलेल्या. पुढे बसवण्याची रीत बदलली आणि घसरण्याचं प्रमाण कमी झालं. हे एक कारण. माझ्या मते दुसरं तितकंच मोठं आहे : मेलबर्नच्या केंद्राने रुग्णाला सोडलं नाही. पट्टीत पाणी कमी-जास्त करणं हा तिथे उपचाराचाच भाग होता. शस्त्रक्रिया झाली, काम संपलं असं कुणी धरलं नाही. ताईंचा हिशेब करून पाहिला. बीएमआय २५ धरलं तर त्यांचं जास्तीचं वजन ४३ किलो होतं, आणि २०१९ मध्ये त्यातलं २० उतरलेलं होतं, म्हणजे ४६ टक्के. वजनाच्या काट्यावर त्या मेलबर्नच्या सरासरीत बसत होत्या. पट्टीची काळजी मात्र कुणीच घेत नव्हतं.

ज्यांच्या पोटात पट्टी आहे त्यांना मी आता काही गोष्टी ठामपणे सांगतो. रात्री झोपेत पाणी घशाशी येणं, सुका खोकला आणि उशी ओली होणं हे पट्टी जास्त आवळल्याचं किंवा घसरत असल्याचं लक्षण समजायचं, पित्ताची गोळी घेऊन झोपायचं नाही. अचानक पाणीही उतरेना झालं आणि त्यासोबत दुखू लागलं तर रात्र काढायची नाही. पोर्टवरची कातडी उशिरा कधीतरी लाल झाली, पाझरू लागली, तर पट्टी आत कुरतडत असण्याची शक्यता तपासायची, नुसतं ड्रेसिंग करून सोडायचं नाही. कंबरदुखी-गुडघेदुखीच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घ्यायच्या नाहीत. गरोदरपणात उलट्या सुरू झाल्या तर पट्टी सैल करून घ्यायची. आणि बनावट, क्षमता, सध्या भरलेलं पाणी, पोर्टची जागा एवढं लिहिलेलं कार्ड आधार कार्डासोबत पाकिटात ठेवायचं.

पट्टी गेल्यानंतर

पावलांच्या मुंग्या तीन आठवड्यांत गेल्या. रात्रीचा खोकला पहिल्याच रात्री थांबला, आणि त्याचं मला अजूनही वाईट वाटतं. जून महिन्यात त्यांनी चौदा वर्षांनी अख्खी भाकरी आणि भरीत खाल्लं. फोन करून सांगितलं, आवाज भरून आला होता.

पण पट्टी आवरून धरत होती ती भूकही परत आली. वर्षभरात वजन ७५ वरून ९२ झालं, तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ८.४ टक्के, गोळ्यांचे दोन प्रकार चालू असूनही. पट्टी काढल्यावर वजन वाढणं जवळपास ठरलेलंच असतं. काढणाऱ्यालाच दोष देण्याची आपल्याकडे घाई होते. ताईंच्या सासरीही ती झाली : "चांगली होती, काढून टाकली." त्यांना मी एक्स-रे दाखवला.

पुढे दुसरी शस्त्रक्रिया करायची का, हा प्रश्न आता समोर आहे. बीएमआय ३७ च्या पुढे, मधुमेह आटोक्याबाहेर, म्हणजे वैद्यकीय निकषांत त्या बसतात. विमा नियामकाच्या नियमातही बीएमआय ३५ आणि अनियंत्रित मधुमेह असेल तर अशा शस्त्रक्रियेचा खर्च मान्य होऊ शकतो. स्लीव्हने छातीतली जळजळ वाढू शकते आणि त्यांची अन्ननलिका आधीच कित्येक महिने भोगून बसलेली, म्हणून मित्राचा कल बायपासकडे आहे. पट्टीच्या जागी व्रण असल्याने दुसऱ्या शस्त्रक्रियेत गळतीचा धोका पहिल्यापेक्षा जास्त असतो, हे त्याने लपवलं नाही. बायपासनंतर बी-१२, लोह आणि कॅल्शियम जन्मभर घ्यावं लागेल, हेही सांगितलं.

गेल्या आठवड्यात ताई आणि यजमान दोघे आले होते. काढलेली पट्टी त्यांनी एका छोट्या बरणीत घरी ठेवली आहे, ती सोबत आणली होती. पिवळट पडलेलं, अंगठा-तर्जनीच्या चिमटीत मावेल एवढं कडं. ती बरणी टेबलावर ठेवून त्यांनी वही उघडली. वहीत प्रश्न लिहून आणले होते. पहिला प्रश्न धोक्याचा नव्हता, खर्चाचाही नव्हता. "ऑपरेशन जळगावला करू, पण नंतर दर तीन महिन्यांनी रक्त कुठे तपासायचं, रिपोर्ट कोण बघणार, आणि ते डॉक्टर गाव सोडून गेले तर कुणाकडे जायचं?"

मी माझं नाव लिहिलं. त्याखाली मित्राचं. तिसरी ओळ अजून रिकामी आहे. धुळ्यात हे काम नियमित करणारं कुणी आहे का, याची चौकशी चालू आहे. ती ओळ भरल्याशिवाय ताई तारीख घेणार नाहीत, आणि मीही घ्या म्हणणार नाही.